जिन्यावरील गालिचा : निवड आणि बसवणी

घराचें वैभव दिवाणखान्यांत दिसतें. घराची काळजी मात्र जिन्यावर दिसते. दिवाणखान्यांत पाहुणा बसतो, पण जिन्यावरून घरचें माणूस दिवसांतून वीस वेळां जातें-येतें. पहांटे अंधारांत पूजेचीं फुलें आणण्यासाठीं उतरणारे आजोबा, दोन्ही हातांत ताटें घेऊन चढणारी सूनबाई, शाळेंतून येतांच दोन-दोन पायऱ्या एकदम ओलांडणारीं मुलें, आणि निजलेल्या बाळास खांद्यावर घेऊन हळूच वर नेणारा बाप, या सर्वांचा भार एकच जिना सोशीत असतो. एकत्र कुटुंबांत तर तीन पिढ्यांचीं पाउलें त्याच पायऱ्यांवर पडतात, आणि त्या तीन पिढ्यांचें चालणें तीन प्रकारचें असतें. असें असूनही घर बांधतांना व सजवितांना ज्या भागाचा विचार सर्वांत शेवटीं होतो, तो भाग म्हणजे जिना होय.

पुणें, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत बंगले, रो-हाऊस आणि दुमजली सदनिका यांची संख्या वाढल्यापासून घरांतल्या घरांत जिना असलेलीं कुटुंबें पुष्कळ झालीं आहेत; आणि त्यांबरोबर ‘जिन्यावर गालिचा घालावा काय?’ हा प्रश्नही घरोघरीं निघूं लागला आहे. तरुण मंडळींस तो शोभेसाठीं हवा असतो. वडील मंडळींस त्यांत धूळ, खर्च आणि परकी चाल दिसते. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें खरें आहे, परंतु दोन्ही पक्ष मुख्य मुद्दा सोडून वाद घालीत असतात. जिन्यावरील गालिचा हा डोळ्यांचा विषय नसून पायांचा विषय आहे. तो घट्ट व सारखा बसला तर निसरडी पायरी पायास धरूं लागते, पावलांचा आवाज दबतो आणि दुर्दैवानें कोणी पडलेंच तर मार थोडा कमी लागतो. तोच गालिचा सैल बसला तर उघड्या पायरीहूनही अधिक घातक होतो. म्हणून माल कोणता घ्यावा हा प्रश्न दुसरा. तो कोठें व कसा बसवावा हा प्रश्न पहिला.

हा विषय क्षुल्लक वाटत असल्यास एकच आंकडा ध्यानांत घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें जगांत दर वर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें पडल्यामुळें प्राणास मुकतात, आणि त्यांत साठ वर्षांवरील मंडळींचा भरणा सर्वांत मोठा असतो. हीं सर्व माणसें जिन्यावरूनच पडतात असें नाहीं. तथापि घरांतील पडण्याच्या जागांत जिना ही एक मोठी जागा आहे, हें कोणासही पटण्यासारखें आहे. शिवाय पडण्याचें दुःख हाड मोडण्यापुरतेंच नसतें. एकदां पाय घसरलेल्या आजीचा जिन्यावरील विश्वास उडतो. मग वरची गच्ची, नातवंडांची खोली, वाळत घातलेले पापड, हें सारें तिला परकें होतें. घर दुमजली असूनही तिच्या वांट्यास एकच मजला उरतो.

ही चाल आली कोठून?

जिन्यावर गालिचा घालण्याची चाल थंड देशांतील आहे. तेथील घरांचे जिने बहुधा लाकडी. चालतांना फळ्या वाजतात आणि हिवाळ्यांत पायांस गारठा लागतो. इंग्लंडांत विल्टन हें गांव गालिच्यांसाठीं प्रसिद्ध झालें. अॅक्समिन्स्टर येथें टॉमस व्हिटी यानें १७५५ सालीं आपला पहिला गालिचा विणला. पुढें यंत्रमागांवर सत्तावीस इंच रुंदीचे लांबच लांब पट्टे निघूं लागले. असा पट्टा जिन्याच्या मधोमध सोडून प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यांत पितळी गजानें दाबून ठेवीत, आणि दोन्ही बाजूंचें उघडें लाकूड रंगवीत. आज तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिच्यानें झाकलेला जिना घराबरोबर आयताच मिळतो, तो याच परंपरेंतला होय.

आपल्याकडे गालिचा नवा नाहीं. जिन्यावरचा गालिचा नवा आहे. एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या येरवडा तुरुंगांत गालिचे विणले जात. आग्र्याच्या तुरुंगांत विणलेला एक प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यांतील वॉटर्लू दालनांत अंथरलेला आहे. भदोही व मिर्झापूर हा प्रदेश आजही हातमागाच्या गालिच्यांचें मोठें केंद्र आहे. परंतु आपली सतरंजी, आपलें जाजम, आपला गालिचा हीं सारीं बैठकीचीं अंथरुणें. जुन्या वाड्यांतील भिंतींतून वर जाणारा अरुंद, उभा व अंधारा जिना उघडाच असे, आणि आधारास वरून दोर सोडलेला असे. त्या जिन्यावर कोणी कांहीं अंथरलें नाहीं, हें त्या लोकांचें शहाणपणच होतें.

यांत एक तत्त्व आहे. जमिनीवरचा गालिचा स्वतःच्या वजनानें पडून राहतो. जिन्यावरचा गालिचा प्रत्येक पायरीच्या पुढल्या कांठावर वांकतो, दर पावलास तेथेंच घासला जातो आणि उतरणाऱ्या माणसाच्या भारानें खालीं ओढला जातो. म्हणून बैठकीसाठीं उत्तम असलेला माल जिन्यासाठीं उत्तम असेलच असें नाहीं.

आधीं जिन्याची परीक्षा

दुकानांत जाण्यापूर्वीं मोजपट्टी घेऊन आपला जिना पहावा. फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ फ्रांस्वा ब्लाँदेल यानें १६७५ सालीं एक नियम सांगितला : पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाय ठेवण्याच्या जागेची खोली यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे सुमारें ६० ते ६५ सेंटिमीटर, असावी. हा नियम अजून वापरांत आहे. २०१६ च्या भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेनें राहत्या घरांतील पायरीची खोली निदान २५० मिलिमीटर आणि उंची फार तर १९० मिलिमीटर असावी असें म्हटलें आहे. ज्या जिन्याची पायरी याहून बरीच अरुंद आहे, त्यावर गालिचा घालूं नये. कारण जाड गालिच्यामुळें पुढला कांठ गोलसर होतो, आणि आधींच तोकडी असलेली जागा आणखी तोकडी होते.

दुसरी परीक्षा याहून महत्त्वाची असून तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. चढतांना वा उतरतांना आपण प्रत्येक पायरी पाहत नाहीं. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरून पाय स्वतःच अंदाज बांधतो आणि पुढें त्याच अंदाजानें चालतो. एखादी पायरी बोटभर उंच वा ठेंगणी निघाली कीं माणूस अडखळतो. अमेरिकेंतील निवासी इमारतींच्या नियमावलींत एकाच जिन्यांतील सर्वांत उंच व सर्वांत ठेंगण्या पायरींतील फरक तीन-अष्टमांश इंचाहून, म्हणजे सुमारें साडेनऊ मिलिमीटरांहून, अधिक नसावा असा दंडक आहे तो याचसाठीं.

आतां गालिचा घातल्यावर काय होतें तें पहा. सर्व पायऱ्या सारख्याच जाडीनें वर येतात. परंतु खालची जमीन व वरचा मजला आहेत तेथेंच राहतात. त्यामुळें तळाची पहिली पायरी गालिच्याच्या जाडीइतकी उंच होते, आणि शेवटची पायरी तेवढीच ठेंगणी होते. अस्तरासह गालिचा दोन सेंटिमीटर जाड असला तर या दोन पायऱ्यांत चार सेंटिमीटरांचा फरक पडला! विलायती घरांत खालीं-वर सर्वत्रच गालिचा असल्यामुळें ही अडचण येत नाहीं. आपल्या फरशीच्या घरांत ती हटकून येते. तिच्यावर उपाय दोन आहेत. अस्तरासह एकंदर जाडी नऊ मिलिमीटरांच्या आंत ठेवावी. आणि गालिचा वरच्या मजल्यावर निदान दोन पावलें पुढें नेऊन तेथें धातूच्या चपट्या पट्टीनें त्याची कड बंद करावी. असें केल्यास शेवटची पायरी पूर्ववत राहते, आणि पहिल्या पायरीचा फरक सोसण्याजोगा उरतो.

गालिचा कोणीं घालूं नये?

हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. मुंबईंत व कोंकणांत पावसाळ्यांत हवेंतील आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते. अशा हवेंत भिंतींस ओल असलेल्या घरांतला गालिचा कुबट होतो, त्याच्या पाठीवर बुरशी धरते, आणि धुळींतील सूक्ष्म किडे फार वाढतात. घरांत दम्याचें माणूस असल्यास हा एकच मुद्दा निर्णयास पुरेसा आहे. ज्या घरीं न्हाणीघर खालीं व देवघर वर आहे, आणि सकाळीं ओल्या पायांनीं जिन्यावर वर्दळ असते, तेथेंही गालिचा नको. गोल फिरणारा चक्री जिना, बाहेरून थेट चिखलाचे जोडे येतात असा जिना, आणि वरून पाऊस शिंतडतो असा जिना, हेही या विचारांतून वगळावे.

अशा घरांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. दगडी पायरीच्या पुढल्या कांठाशीं दोन-तीन खांचा पाडून घ्याव्या, किंवा खरखरीत पट्टी चिकटवून घ्यावी. कांठ वेगळ्या रंगानें दाखवावा. दोन्ही बाजूंस हातांत मावेल असा कठडा लावावा. वर व खालीं दोन्हीकडून लावतां व मालवतां येईल असा दिवा तर प्रत्येक जिन्यास हवाच. सुट्या चटया मात्र एकेका पायरीवर कधींही अंथरूं नयेत. सुटी चटई म्हणजे जिन्यावर मांडलेली घसरगुंडी होय.

कोणता माल निवडावा?

जिन्याच्या गालिच्याची लव आंखूड, दाट आणि कापलेली असावी. लांब व मऊ लव दुकानांत मोहक वाटते, पण पायरीच्या कांठावर ती थोड्याच महिन्यांत दबून पडते. न कापतां वेटोळीं ठेवलेली लवही आपल्या घरांस सोयीची नाहीं. पायांतील जोडवीं, पैंजणांचीं घुंगरें आणि मांजराची नखें त्या वेटोळ्यांत अडकतात. एक धागा ओढला गेला कीं ओळच्या ओळ उसवत जाते, आणि अडकलेल्या पायाचा तोल जातो तो निराळाच.

लोकर ही सर्वांत जुनी व अजूनही पुष्कळ अंशीं सर्वांत चांगली. ती दबली तरी पुनः उभी राहते आणि सहजासहजीं पेट घेत नाहीं. हवेंतील ओलावा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका शोषूनही ती ओली लागत नाहीं. तिचा दोष म्हणजे किंमत आणि कसर. नायलॉन टिकाऊ आहे व त्याची लवही चांगली उभी राहते. दुमजली सदनिकांतील धांवपळीस तें योग्य. पॉलिप्रोपिलीन स्वस्त असतें व त्यावर डाग बसत नाहींत, परंतु एकदां दबलेली त्याची लव पुनः उठत नाहीं. जिन्यावर तें लवकर म्हातारें दिसतें. काथ्या मजबूत खरा, परंतु आपण घरांत अनवाणी वावरतों आणि बाळें तर जिना रांगत चढतात. तळपायांस व गुडघ्यांस तो बोचतो. त्याची जागा दाराशीं पायपुसण्यांत. तागास पाणी लागलें कीं त्याचा जोर जातो व तपकिरी डाग पडतात. सुती सतरंजी पातळ असल्यामुळें जाडीच्या दृष्टीनें उत्तम, धुण्यासही सोपी. पण तिला स्वतःची पकड नसते, म्हणून ती पायरी-पायरीस पक्की केली तरच घालावी.

हातानें गांठी मारलेला भदोहीचा सुंदर गालिचा बैठकींतच शोभतो. त्याचें सौंदर्य पायरीच्या कांठावर झिजवूं नये. पाठीस रबराचा लेप दिलेले गालिचे घेतांनाही जपावें. कांहीं वर्षांनीं, आणि दमट हवेंत लवकरच, हा लेप सुटून त्याची पूड पायऱ्यांवर पडूं लागते.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षां तीन परीक्षा स्वतः कराव्या. पहिली : नमुन्याचा तुकडा लव बाहेरच्या अंगास ठेवून टेबलाच्या कांठावर वांकवावा. वांकलेल्या जागीं लव फांकून खालचें कापड दिसूं लागलें तर तो माल जिन्याचा नव्हे. दुसरी : लवेंत आंगठा जोरानें दाबून सोडावा, खळगा किती लवकर भरतो तें पहावें. तिसरी : दोन धागे ओढून घेऊन मोठ्या माणसानें चिमट्यांत धरून जाळून पहावे. लोकरीस केंस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांनीं चुरडते; नायलॉन वितळून त्याची टणक गोळी होते. लोकरीच्या भावानें नायलॉन पदरांत पडूं नये म्हणून एवढा खटाटोप वावगा नाहीं.

रंग आणि नक्षी

येथें शोभा व सुरक्षितता यांचा झगडा होतो, आणि शोभेनें मागें सरावें हें बरें. उतरतांना डोळ्यांस प्रत्येक पायरीचा कांठ वेगळा दिसला पाहिजे. दाट वेलबुट्टी, ठळक चौकटी किंवा आडवे पट्टे यांमुळें कांठ कोठें संपतो हें मंद उजेडांत कळेनासें होतें. मोतीबिंदू असलेल्या किंवा दुहेरी कांचांचा चष्मा वापरणाऱ्या वडील माणसांस हा धोका अधिक, कारण चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठीं असतो आणि त्यांतून पायरी अस्पष्ट दिसते. म्हणून एकरंगी किंवा अगदीं बारीक ठिपक्यांचा माल घ्यावा. फार काळा घेतल्यास पायऱ्या एकांत एक मिसळतात. फार पांढरा घेतल्यास अनवाणी तळपायांचें तेल व धूळ मिळून मधोमध काळपट वाट उमटते. वीटकरी, मध्यम तपकिरी, राखट हिरवा, असे रंग आपल्या मातीस व आपल्या चालीस मानवतात.

माप कसें घ्यावें?

माप घरांत घ्यावें, आराखड्यावरून घेऊं नये. समजा, जिन्यास १४ उभ्या फळ्या व १३ आडव्या फळ्या आहेत. प्रत्येक उभी फळी ७ इंच, आडवी १० इंच, आणि पुढें आलेल्या कांठाखालच्या वळणास १ इंच. तर ९८, १३० व १४ मिळून २४२ इंच, म्हणजे २० फूट २ इंच लांबी झाली. तीत दीड फूट अधिक धरावें; त्याचें कारण पुढें येईल. म्हणजे २१ फूट ८ इंच. जिना ३६ इंच रुंद असून दोन्ही बाजूंस साडेतीन इंच मोकळे सोडले तर पट्टा २९ इंचांचा होईल, आणि एकंदर माल सुमारें ५२ चौरस फूट लागेल. वरच्या मजल्यावर न्यावयाचा भाग आणि वळणावरचा सपाट भाग, ज्यास कारागीर लँडिंग म्हणतात, यांचें माप निराळें धरावें. गणिताचा पडताळा पाहण्यास एक जाड दोरी वरून खालपर्यंत प्रत्येक कोपऱ्यांत दाबून सोडावी व मग ती मोजावी.

भिंतीपासून भिंतीपर्यंत झांकावें कीं मधोमध पट्टा घालावा, असा प्रश्न असेल तर आमचें मत पट्ट्याच्या बाजूनें पडतें. दोन्ही कडेस लाकूड वा दगड उघडा राहिल्यानें केर काढणें सोपें जातें, भिंतीची ओल गालिच्यास लागत नाहीं, आणि उघड्या कडेमुळें पायरीचा आकारही डोळ्यांस कळतो. मात्र पट्टा इतका अरुंद नसावा कीं एक पाय गालिच्यावर व एक उघड्या पायरीवर पडेल.

बसवणी : खरें काम येथें आहे

गालिच्यापूर्वीं जिना दुरुस्त करावा. हलणारी फळी, वर आलेला खिळा, फुटलेला कांठ हें सारें झाकल्यानें नाहींसें होत नाहीं. तें केवळ दिसेनासें होतें. लाकडी जिन्यांतील करकरणाऱ्या फळ्या स्क्रूनें आवळून घ्याव्या.

त्यानंतर प्रत्येक पायरीच्या आंतल्या कोपऱ्यांत दोन ग्रिपर पट्ट्या बसवितात. ही बारीक तिरप्या खिळ्यांची लांकडी पट्टी असते. एक आडव्या फळीच्या मागल्या कडेस आणि दुसरी तिच्या पाठीमागल्या उभ्या फळीच्या तळाशीं येते. दोन्हींच्या खिळ्यांचीं टोंकें कोपऱ्याकडे वळलेलीं असावींत, आणि दोन पट्ट्यांमध्यें गालिचा दाबून बसेल एवढीच फट ठेवावी. लांकडावर हें काम सोपें आहे. घोटीव ग्रॅनाइटवर खिळा ठोकल्यास दगड तडकण्याचें भय. तेथें पट्टी मजबूत चिकटद्रव्यानें बसवावी आणि तें पुरतें वाळेपर्यंत, निदान एक दिवस, गालिचा ताणूं नये. ही घाई करणारा कारागीर त्याच दिवशीं मोकळा होतो, पण गालिचाही थोड्याच दिवसांत मोकळा होतो!

मग अस्तर. तें पातळ व घट्ट नमद्याचें असावें. फोमासारखें फुसफुशीत नसावें. मऊ अस्तरावर पाऊल खचतें आणि तोल सांवरण्यास पायास वेळ लागतो. अस्तर पट्टीच्या अलीकडे थांबवून पुढल्या कांठावरून खालीं वळवावें, कारण गालिचा तेथेंच सर्वांत अधिक झिजतो.

गालिचा घालतांना लवेचा कल उताराकडे असावा. हात फिरविल्यास वरून खालीं गुळगुळीत व खालून वर खरखरीत लागला पाहिजे. खडूच्या दोरीनें मध्यरेषा आंखून पट्टा सरळ सोडावा आणि प्रत्येक कोपऱ्यांत बोथट पटाशीनें दाबीत, ताण देत बसवावा. पायरीचा कांठ पुढें आलेला असेल तर गालिचा तेथून सरळ खालीं न सोडतां कांठाखालीं वळवून घट्ट करावा. नाहींतर तेथें पोकळी राहते आणि चढणाऱ्याच्या पायाचीं बोटें तींत अडतात. पितळी गज हवे असल्यास अवश्य लावावे; ते शोभा देतात आणि थोडा आधारही देतात. परंतु पट्टीची जागा ते घेऊं शकत नाहींत.

जास्त घेतलेला दीड फूट गालिचा कापून टाकूं नये. तो सर्वांत खालच्या उभ्या फळीशीं आंत दुमडून ठेवावा. झीज पुढल्या कांठावरच होत असल्यामुळें एक-दोन वर्षांनीं गालिचा उचलून दोन-तीन इंच वर सरकवून पुनः बसविल्यास झिजलेला भाग कांठावरून हटतो आणि नवा भाग कांठावर येतो. इंग्लंडांतील काटकसरी गृहिणी पूर्वीं हेंच करीत. दीड फुटाचा हा खर्च गालिच्याच्या आयुष्यांत कांहीं वर्षें घालतो.

कारागिरास उरलेले पैसे देण्यापूर्वीं घरांतील एखाद्या जाणत्या माणसानें वरून खालीं प्रत्येक पायरीवर टांच दाबून पहावी आणि कांठाजवळ गालिचा चिमटींत धरून ओढून पहावा. तो उचलला गेला, सरकला किंवा सुरकुतला तर काम पुरें झालें नाहीं असें समजावें. एकंदर खर्चाचा विचार करतांना महाग माल आणि स्वस्त बसवणी यापेक्षां मध्यम माल आणि उत्तम बसवणी हें केव्हांही अधिक शहाणपणाचें.

निगा आणि घरची वांटणी

गालिचा आल्यावर तो झाडणार कोण, हें आधींच ठरवावें. बहुतेक घरीं गालिच्याची हौस एकाची असते आणि कंबर दुसरीची दुखते. व्हॅक्यूम क्लीनरनें आठवड्यांतून दोनदां, वरून खालीं येत, प्रत्येक कोपऱ्यांतून धूळ ओढून काढावी. कसर व गालिचा खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागींच वाढतात. जेथें मुलें रांगतात तेथें डांबराच्या गोळ्या ठेवूं नयेत. गोळी तोंडांत गेल्यास ती विषारी ठरते. कांहीं सांडल्यास घासूं नये. कोरड्या सुती फडक्यानें टिपून घ्यावें. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खिडक्या व पंखा यांच्या साह्यानें हवा खेळती ठेवावी. दिवाळींत गालिचा घातलेल्या पायऱ्यांवर पणत्या लावण्याचा मोह टाळावा. त्या अंगणांत व ओट्यावर लावाव्या. आणि महिन्यांतून एकदां टांच दाबण्याची ती परीक्षा पुनः करावी. सैल झालेली एकही पायरी दिसली कीं ती त्याच आठवड्यांत पक्की करून घ्यावी. सवड होईपर्यंत थांबूं नये.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, जिन्याचा विचार घरांतील सर्वांत धडधाकट माणसाच्या पायांनीं करूं नये. तरुणाचा पाय कसल्याही पायरीवर टिकतो. निर्णयाच्या दिवशीं सारें कुटुंब एकत्र बसावें, आणि ज्या माणसास जिना चढतांना कठडा धरावा लागतो त्यास पहिल्यानें विचारावें : आपणांस कोठें भीति वाटते? उजेड कोठें कमी पडतो? कोणती पायरी पायास खटकते? पुष्कळदां त्या उत्तरांतून असें निघेल कीं गालिच्याआधीं एक दिवा व दुसऱ्या बाजूस एक कठडा हवा आहे. तो आधीं लावावा, आणि मग गालिच्याचा नमुना पाहण्यास सर्वांनीं मिळून जावें.